तोरणमाळला चढ शेवटी असतो

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर जाणारा माणूस सकाळी ताज्या दमाने चढतो आणि ऊन तापू लागले की उतरायला लागतो. दम लागला, पाणी संपले, एखाद्याचा पाय मुरगळला, तरी उरलेली वाट खालीच जाणार असते. तोरणमाळचा हिशेब याच्या उलट आहे. तिथे गाडी थेट माळावर, यशवंत तलावाच्या काठी नेऊन सोडते. सकाळी सगळे हसतखेळत दरीकडे उतरतात आणि दुपारी एक-दोनच्या सुमाराला, बाटल्या अर्ध्या झालेल्या असताना, चढ समोर येतो. तलावाकाठच्या सहलीची आखणी करताना ही एक गोष्ट मनात पक्की धरली, तर बाकीची बरीचशी आखणी आपोआप नीट होते.

तोरणमाळ आज नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात येते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते आणि धुळेकर मनाने अजून ते आपलेच धरतात. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही या डोंगराची नोंद आहे, म्हणजे या माळाचे आणि तलावाचे कौतुक नवे नाही. समुद्रसपाटीपासून माळाची उंची सुमारे ११५० मीटर, तर पायथ्याकडचे शहादा जेमतेम दीडशे मीटरवर. पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यात हजार मीटरचा फरक पडतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. शहाद्यात तीस अंश असेल, तर वर तेवीस-चोवीस.

हा गारवा सुखाचा असतो आणि थोडा फसवाही. वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो, तहान जाणवत नाही, टोपी पिशवीतच राहते. दरीत उतरल्यावर वारा पडतो, काळा कातळ तापलेला असतो आणि शरीराने सकाळपासून गमावलेले पाणी एकदम आठवते. म्हणून पाणी तहानेवर नाही, घड्याळावर प्यावे. हिवाळ्यात दर तासाला अर्धा लिटर हे मोठ्या माणसाचे साधे माप. पाच तासांच्या चालण्याला माणशी अडीच लिटर आणि वर अर्धा-एक लिटर राखीव. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा फेब्रुवारीच्या अखेरीला हेच माप दीडपट धरावे. नुसते पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएसची दोन पाकिटे किंवा मीठ-साखर-लिंबू जवळ असलेले बरे. तलावाचे किंवा झऱ्याचे पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही. वरच्या अंगाला गुरे असतात, वस्ती असते.

आता वेळेचा हिशेब. तो परतीच्या टोकापासून मागे मोजत आणावा. डिसेंबरच्या अखेरीला या भागात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आधीच मावळतो. हातात पावणेअकरा तासांचा दिवस. राणीपूरकडे उतरणारा वळणावळणाचा घाट उजेडात उतरायचा, तर साडेचारला माळ सोडला पाहिजे. त्याआधी हातपाय धुणे, चहा, मागे राहिलेल्यांची वाट बघणे यात तास जातो. म्हणजे चालणे साडेतीनला संपले पाहिजे. परतीच्या चढाला दोन तास लागणार असतील, तर दीड वाजता दरीतल्या ज्या दगडावर असाल तिथूनच मागे फिरायचे. धबधबा पुढच्या वळणावर असला तरी. ही परत फिरण्याची वेळ निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवून घ्यावी. दरीत पोचल्यावर ठरवायला गेले की दोघे पुढे जायचे म्हणतात, दोघे थांबायचे म्हणतात आणि गट फुटतो.

चालायला किती वेळ लागेल, यासाठी स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ याने १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही जगभर वापरला जातो: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास जादा. आठ किलोमीटरची वाट आणि तीनशे मीटर चढ असेल, तर सपाटीचा दीड तासाहून थोडा जास्त आणि चढाचा अर्धा, मिळून दोन तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या सरावलेल्या माणसाचा. घरात दहा वर्षांचा मुलगा आणि साठीच्या आत्या असतील, फोटोंसाठी थांबायचे असेल, तर त्यात निम्मी भर घालावी आणि जेवणाचा पाऊण तास वेगळा धरावा. दोन तासांची वाट अशा कुटुंबाला पावणेचार तासांची होते. हे आधी कळले की कोणी कोणावर चिडत नाही.

वाट विचारतानाही वेळ विचारावी, अंतर नको. पाड्यावरचा माणूस ‘जवळच आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो; तो स्वतःच्या पायांनी मोजत असतो, आणि ते पाय रोज त्या चढावर असतात. त्याने अर्धा तास सांगितला, तर शहरातून आलेल्याने एक तास धरावा.

माळावर प्रत्यक्ष चालायचे कुठे? पहिला पर्याय यशवंत तलावाच्या काठाने फिरण्याचा. चढउतार थोडा, वाट मोकळी, जवळच गोरखनाथाचे मंदिर. लहान मुले आणि वयस्क मंडळी असतील, तर दीड-दोन तास निवांत ठेवून एवढेच करावे. त्यात काही कमी केल्यासारखे वाटू देऊ नये. तलावात उतरायचे मात्र नाही. काठचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय घातला की घोट्यापर्यंत खेचतो. आत पाणवनस्पती पायात गुंततात. पोहणाऱ्यालाही तिथे पोहणे उपयोगी पडत नाही. दुसरा पर्याय कमळ तलाव आणि सीताखाई. खाईचा कडा पाहायला फार चालावे लागत नाही, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे कड्याजवळचा कातळ शेवाळाने निसरडा असतो. कठड्याच्या अलीकडेच थांबावे. कठडा नसेल तिथे कड्यापासून दोन माणसांच्या उंचीइतके अंतर राखावे. मच्छिंद्रनाथांच्या गुहेकडे जाणारी वाट उताराची आहे, म्हणजे येताना चढायची. खडकी पॉइंट हा दिवसाचा मोठा बेत. तो करायचा तर त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. एका दिवसात ‘सगळे पॉइंट’ उरकणाऱ्यांना संध्याकाळी फक्त गाडीची दारे आठवतात.

हंगाम निवडताना सागाकडे बघावे. सातपुड्याचे हे रान पानगळीचे आहे. नकाशावर हिरवा डाग दिसतो म्हणून सावली मिळेल असे नाही. जानेवारीपासून साग पाने टाकू लागतो आणि मार्चमध्ये त्याच वाटेवर डोक्यावर फक्त फांद्या उरतात. खाली पडलेली पाने ताटाएवढी, कडक, एकावर एक रचल्यासारखी. सपाटीवर ती नुसती वाजतात. उतारावर मात्र वरचे पान खालच्या पानावरून सटकते आणि त्याखालचा मुरूम गोट्यांसारखा फिरतो. तिथे टाच आधी टेकवून झोकात उतरणारा पडतो. गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवे ठेवत, काठीने पाने बाजूला सारून खाली दगड आहे की खड्डा ते बघून पुढचे पाऊल टाकावे. ती काठी सापांसाठीही कामाची, कारण पानांत पडलेले फुरसे पानांच्याच रंगाचे असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची अडचण वेगळी. गवत कमरेइतके वाढून पिवळे पडलेले असते आणि कुसळे मोज्यांत शिरतात. एक कुसळ काढायला बसावे तर तोवर चार आत घुसलेली. लोकरी किंवा जाळीदार मोजे, ट्रॅकपँट यांना ती घट्ट धरतात. गुळगुळीत, जाड सुती कापडाची पूर्ण लांबीची विजार बरी. बूट नवे असतील, तर आधी आठवडाभर घरात-बाजारात घालून मोडून घ्यावेत. सँडल घालून तलावाचा काठ फिरता येईल, दरी नाही.

एकंदरीत ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस चालण्याला सर्वांत चांगले. पाणी असते, पाने असतात, दुपार सोसवते. पावसाळ्यात माळ देखणा होतो यात शंका नाही, पण तेव्हा धुके एकाएकी दाटते, घाटात दरड येते, ओढा तासाभरात गुडघ्याचा कमरेला लागतो. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी तलावाच्या आसपासच राहावे आणि ओढा ओलांडून पलीकडे जाण्याचा बेत करू नये. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. सातपुड्यातले आदिवासी भाविक दूरदुरून, कित्येक जण अनवाणी, चालत येतात. यात्रा बघायची असेल तर यात्रेसाठीच जावे. शांतपणे डोंगर फिरायला ते दिवस नव्हेत, आणि आपल्या गाड्यांनी चालणाऱ्यांची वाट अडवणे तर मुळीच बरे नाही.

प्रवासाचा हिशेब धुळेकर आणि जळगावकरांसाठी वेगळा आहे. धुळ्याहून दोंडाईचा-शहादा मार्गे साडेतीन तास धरले, तर पहाटे पाचला निघून नऊच्या आत चालायला लागता येते. शहाद्याहून एसटी आहे. पण परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे आगारात आदल्या दिवशी विचारून घ्यावे, जुन्या माहितीवर विसंबू नये. जळगावकरांनी मात्र तोरणमाळ एका दिवसात करू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. चोपडा-शिरपूर-शहादा हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरून जाताना पाच तास सहज मोडतात. पाच तास जाणे, पाच तास येणे आणि मधे चार तास दरीत, म्हणजे परतीच्या घाटात चालक डुलक्या घेणार. मुक्काम करावा. वर पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. सुट्ट्यांच्या आधी आरक्षण लागते.

जळगावकरांचा एका दिवसाचा डोंगर पाल. रावेर तालुक्यातले हे गाव सातपुड्याच्या कुशीत आहे, जळगावहून सावदा-फैजपूरच्या बाजूने दोनेक तासांवर, आणि जवळच सुकी नदीवरचे गारबर्डी धरण. धरणाचा जलाशय आणि भोवतालचे डोंगर हिवाळ्यातल्या सकाळी पक्षी बघायला फार छान. इथली उंची तोरणमाळपेक्षा बरीच कमी, म्हणजे ऊन लवकर लागते. अकरापर्यंत चालणे आटोपून सावलीत यावे. लगतचे यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले आणि ते सुमारे १७८ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. त्यात शिरायचे तर वनविभागाची परवानगी घेऊन, त्यांनी सांगितलेल्या वाटेने आणि अंधार पडायच्या आत बाहेर. डोंगर सगळ्यांचा असला, तरी अभयारण्याला नियम असतात आणि ते तिथल्या अस्वल-बिबट्यांइतकेच आपल्याही जिवासाठी असतात.

चाळीसगावकडच्यांना पाटणादेवी जवळची, शहरापासून अठरा किलोमीटर. तिथे तलाव नाही, डोंगरी नदी आहे, चंडिकादेवीचे जुने मंदिर आहे आणि भोवती १९८६ मध्ये जाहीर झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख याच पाटणचा. मुलांना गणिताच्या पुस्तकाबाहेरचे भास्कराचार्य दाखवायचे असतील, तर ही वाट तोरणमाळच्या आधी करावी. धबधब्यांकडे आणि पितळखोऱ्याच्या बाजूला जाताना कड्यांकडे नजर ठेवावी.

कड्यांवर आग्यामोहळ असते. खानदेशच्या डोंगरांत वाघापेक्षा, अस्वलापेक्षा माणसाने धास्ती घ्यावी ती या माश्यांची. अत्तर, सुगंधी तेल, परफ्युम लावून जाऊ नये. मोहळाखाली धूर करू नये, ओरडू नये, दगड तर चुकूनही मारू नये. माश्या उठल्याच तर डोके-चेहरा कापडाने झाकून, सरळ आणि लांब पळावे. दाट झुडपात शिरता आले तर उत्तम. पाण्यात बुडी मारून लपू नये, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. ज्याला डंखाची ॲलर्जी आहे, त्याने डॉक्टरांनी दिलेले औषध खिशात ठेवावे आणि ते कुठल्या खिशात आहे हे सोबत्याला सांगावे.

सर्पदंश झाला तर चिरा मारणे, रक्त चोखणे, दोरीने आवळून बांधणे यातले काहीही करू नये. माणसाला आडवे करावे, दंशाचा हात-पाय लाकडाची पट्टी लावून हलणार नाही असा ठेवावा, अंगठी-जोडवी-कडे काढावे आणि उचलूनच गाडीपर्यंत न्यावे. १०८ ला फोन लावावा. तोरणमाळहून शहादा आणि धडगाव ही जवळची मोठी ठिकाणे. साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नसते, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते. मोबाइलची रेंज मात्र माळावर आणि विशेषतः दरीत सगळीकडे मिळत नाही. म्हणून नकाशा घरीच डाउनलोड करून घ्यावा आणि एक चिठ्ठी मागे ठेवावी: कोण कोण गेले, कुठल्या वाटेने, गाडीचा क्रमांक, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ती घरातल्या जबाबदार माणसाकडे द्यावी. व्हॉट्सॲपवर टाकलेला मजकूर पन्नास शुभेच्छांखाली बुडून जातो.

याहून मोठा आधार स्थानिक वाटाड्याचा. तोरणमाळच्या आसपास भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे आहेत. तिथल्या तरुणांना दरीतली प्रत्येक वाट ठाऊक असते, आणि कुठल्या झऱ्याला या महिन्यात पाणी आहे हेही. दिवसाचे पैसे आधी ठरवावेत, घासाघीस करू नये, जेवणाचा डबा त्याच्यासाठीही धरावा. थोरांना दादा, बाबा, मावशी म्हणून हाक मारावी. घर, माणसे, बाया-मुले यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. पाड्यावर आमचूर, चारोळी किंवा सीताफळे विकायला असतील तर तिथूनच घ्यावीत. धडगाव भागातले आमचूर नावाजलेले आहे आणि शहरात तेच दामदुपटीने घ्यावे लागते.

डब्यासाठी खानदेशच्या स्वयंपाकघरातच उत्तम सोय आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दिवसभर मऊ राहतात. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. वांग्याचे भरीत हिवाळ्यात सगळ्यांनाच हवे असते, पण ते गाडीपाशी परत आल्यावर खायला ठेवावे; ओले, कांदा घातलेले पदार्थ उन्हात पाठीवर चार तास टिकत नाहीत. रावेर-यावलची केळी चढाच्या आधी खायला फार चांगली, फक्त डब्यात घालून न्यावीत, नाहीतर पिशवीत त्यांचे शिकरण होते. साल, कागद, बाटली, वेष्टन असे सगळे एका रिकाम्या पिशवीत भरून खाली आणावे. तलावाकाठी टाकलेले प्लास्टिक पावसात पाण्यातच जाते.

पहिल्यांदाच निघणाऱ्या कुटुंबाने आधी एका रविवारी लळिंग चढून बघावा. कोण लवकर दमतो, कोणाचे बूट चावतात, कोणाला उंचीवर गरगरते हे तिथे घराजवळ कळते. त्यानंतर पाल किंवा पाटणादेवी, आणि मग मुक्काम करून तोरणमाळ.

फेब्रुवारीनंतर जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात आणि पाड्यांवरची माणसे, लेकराबाळांसह, पहाटेच फुले वेचायला रानात येतात. अस्वलेही त्याच फुलांवर येतात, त्यामुळे झुंजूमुंजू असताना मोहाच्या झाडांखालून जाऊ नये. आणि तेव्हा सगळे रान वाळलेल्या पानांचे असते. विडी-सिगारेट, चुलीतला निखारा, मुलांनी गंमत म्हणून पेटवलेली काडी, यातले काहीही वणवा लावायला पुरते, आणि मोह जळाला की त्या घरांचे वर्षाचे उत्पन्न जळते. रानात काडी पेटवू नका. धूर दिसला तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. घरून निघतानाच तो फोनमध्ये नोंदवून घ्या.